खोपी ओढायला दोघं लागतात

शनिवार, १४ मार्च १९८७
डेस मॉइनच्या पुढे, हमरस्त्यावरच्या थांब्याचं बाकडं

ओर्लिन,

पिकअप चोरीला गेलेली नाही. मी नेलीय. एव्हाना ते तुला कळलं असणारच, पण तू शेरीफला फोन करून गावभर करशील म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. आपल्या दुसऱ्या मोटारीचा हीटर नाताळापासून बंद आहे, आणि 'करतो, करतो' म्हणत तू हिवाळा काढलास. आज पहाटे पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. टॉडला त्या मोटारीतून आणलं असतं तर टेक्ससला पोचेपर्यंत पोराचा फ्रीझरमधला मासा झाला असता.

"जायचंय तर जा," असं तूच म्हणालास. कप टेबलावर आपटून म्हणालास. मी गेले. आता त्यात माझं काय चुकलं ते सांग.

लग्न झाल्यापासून ऐकतेय, पुढच्या वसंताच्या सुट्टीत नक्की. शाळेतली निम्मी कुटुंबं दरवर्षी दक्षिणेला समुद्रावर जातात आणि उन्हाने सालं निघालेली नाकं घेऊन परत येतात, आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्या पोरांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढते. पाच महिने खिडकीबाहेर नुसतं पांढरं. या जानेवारीत मी भांडी घासता घासता रडायला लागले, कशासाठी ते माझं मला कळेना. तू म्हणालास, व्हिटॅमिनच्या गोळ्या घे.

दरवर्षी तुझं बर्फ काढायचं यंत्र आडवं येतं. यंदा काउंटीच्या रस्ते खात्याने तुला आपणहून रजा दिली, रस्त्यावर बर्फच नाही म्हणून. मला वाटलं, सुटले. तर तळ्यावरची तुझी खोपी आडवी आली! पुढच्या शनिवारी तळं मोकळं करायची मुदत संपते, त्याआधी ती ओढून काठावर आणायला हवी, आणि ओढायला कारी हवी. चौदा वर्षांच्या मुलीने गोठलेल्या तळ्यावर पिकअप चालवायची आणि तू मागून पहार मारून खोपीखालचे ओंडके बर्फातून सोडवायचे, ही तुमची दरवर्षीची जत्रा. चार भिंती, एक पत्र्याची शेगडी आणि मासे धरायला तळाशी एक भोक. एवढ्यासाठी माणूस समुद्र सोडतो? तुझ्या वडिलांनी बांधलीय हे मला माहीत आहे. तेही घरापासून लांब राहायलाच तीत बसायचे.

कारी मिनेसोटा ओलांडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "लघवीला थांबव." तेवढंच. तिला तुझ्यापाशी राहायचं होतं. मी तिला जवळजवळ कॉलर धरून गाडीत बसवलं, तेही लिहून ठेवते, नाहीतर ती फोनवर सांगेलच.

स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब चालू ठेवलाय, बंद करू नकोस, पाईप फुटतील. फ्रीझरमध्ये बटाटा-खिम्याच्या हॉटडिशचे डबे आहेत. गरम करून खा.

आणि ऐक. डुलूथहून बस सुटते. आपल्याकडून निघालेला हा रस्ता सरळ खाली टेक्ससपर्यंत येतो, झोपेतसुद्धा चुकायचा नाहीस. मोटेलचा पत्ता पाकिटावर आहे.

मार्लिस


मंगळवार, १७ मार्च
पोर्ट अरॅन्सस, टेक्सस

ओर्लिन,

हे पत्र मी दोनदा फाडलं. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या.

इथे समुद्राच्या वाळूवर गाड्या चालवायला परवानगी आहे. किनाऱ्याच्या कडेने लोक सरळ गाडी नेतात आणि पाण्याच्या तोंडाशी उभी करतात. काल मीही पिकअप खाली घातली. पुढे सगळं सपाट आणि पांढरट, टोकाला आभाळ. चाकं रस्त्यावरून खाली उतरली आणि आम्ही तिघांनी, कोणी काही न बोलता, सीटचे पट्टे सोडले. मी काच खाली केली. कारीने तिच्या बाजूचं दार किलकिलं करून हाताने धरून ठेवलं. टॉडने त्याचे बूट काढले. विचार कोणी केलाच नाही. तळ्यावर जसं बसतो तसे बसलो, वर कडक ऊन आणि दोन्ही बाजूंना अर्धी उघडी माणसं पसरलेली.

तिथल्या शेरीफच्या माणसाने थांबवलं. तरुण होता, लांब पाय, तोंडात काडी.

"बाई, पट्टे का सोडलेत? आणि त्या पोरीने दार का धरलंय?"

मी म्हटलं, "सवय आहे. आमच्याकडे बर्फावर गाडी नेताना असंच करतात. खाली गेली तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून."

तो हसायलाच लागला. "बाई, खाली वाळू आहे. खणत गेलात तरी वाळूच लागेल. इथे कोणी बुडत नाही हो!"

मलाही हसू येत होतं. तेवढ्यात कारी म्हणाली, "हसू नका. मागच्या मार्चमध्ये ह्याच पिकअपचं मागचं चाक खाली गेलं होतं. पट्टा असता तर मी खिडकीतून बाहेर आले नसते."

त्याचं हसणं थांबलं. तो कारीकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. मला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार. "पट्टे लावा बाई," एवढं हळू बोलून तो गेला.

कारीने तोंडावर हात ठेवला होता. "बाबा म्हणाले होते तुला सांगायचं नाही," म्हणाली.

ओर्लिन, माझी मुलगी बुडत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आली, आणि त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवली. काय जेवण होतं ते आठवायचा मी कालपासून प्रयत्न करतेय. तिने दोनदा वाढून घेतलं असेल. तू मीठ मागितलं असशील. पिकअप लोवेलने ट्रॅक्टरने ओढून काढली, असं ती म्हणाली. म्हणजे तुझ्या भावाला माहीत, आणि त्याला माहीत तर आर्डिसलाही माहीत. माझी सख्खी जाऊ शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षभर माझ्या शेजारी बटाटे सोलत होती.

काल दोनदा फोन केला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. म्हणून पत्र. पत्र ठेवून देता येतं, पण उघडून तरी बघशील.

आज इथे वारा सुटलाय. आम्ही स्वेटर घालून वाळूत बसलोय, टॉडचे ओठ निळे पडलेत. मोटेलची मालकीण, नॅडीन म्हणून एक जाडजूड बाई आहे, ती वर्तमानपत्रातला हवेचा नकाशा घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुम्ही थंडी इकडे घेऊन आलात आणि आमचं ऊन तिकडे पाठवलंत की!" नकाशावर आपल्याकडे, पार सुपीरियर सरोवरापर्यंत, पिवळं ऊन होतं. ती हसत होती. मला तळं आठवलं. आपल्याकडे छतं गळायला लागली असतील. बर्फ वरून पांढराच दिसतो आणि आतून भुसभुशीत होतो, हे मला तूच शिकवलंस.

तेव्हा एक कबूल करते. हीटरचं कारण अर्धंच खरं होतं. पिकअप नेली की खोपी ओढता येणार नाही, तू धुमसशील, आणि मग झक मारत बसने येशील, असा माझा डाव होता. तुझ्यासाठी चौथा टॉवेलसुद्धा मागून घेतलाय. आता मात्र वेगळ्या कारणाने सांगते: पिकअप इथे आहे ते बरं आहे. तळ्यावर जाऊ नकोस. दंड भरू. बुडू दे खोपी.

मार्लिस


गुरुवार, १९ मार्च
पोर्ट अरॅन्सस

ओर्लिन,

काल मी कॉर्पस क्रिस्टीच्या बसथांब्यावर गेले होते. मुलांना सांगितलं, फळं आणायला जाते. उत्तरेकडून आलेली बस रिकामी होईपर्यंत उभी राहिले. तुझ्यासारखी टोपी घातलेला एकजण उतरला, त्याला मी हातही केला. मग खरंच फळं घेऊन परत आले.

आज सकाळी कारी नॅडीनच्या ऑफिसातून बाहेर येताना दिसली. तिने तुला फोन केला होता, पैसे तुझ्या बाजूला लावून. तिचा फोन तू उचलतोस.

"काय म्हणाले बाबा?"

"समुद्र कसा आहे विचारलं."

"आणि?"

"आणि उद्या मोटारीने खोपी ओढणार आहेत."

"त्या खटाऱ्याने? तू नको म्हणालीस ना?"

"मी का नको म्हणू?" ती एकदम उसळली. "पिकअप तू आणलीस. मलाही तूच आणलंस. खोपी ओढायला दोघं लागतात, आई. एकाने चाक धरायचं आणि एकाने मागे पहार मारायची. आता ते दोन्ही एकटेच करणार. ते बुडाले तर तुझ्यामुळे बुडतील!"

मी हात उगारला. मारला नाही. पण उगारला, आणि टॉडने पाहिलं. तो केळं हातात धरून तसाच उभा राहिला.

मग मी तुला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी आर्डिसला लावला. लोवेल लाकडाचा ट्रक घेऊन डाकोटाला गेलाय, शनिवारी येईल, असं ती म्हणाली. त्याचा ट्रॅक्टरही दुरुस्तीला.

"तू जाऊन थांबव त्याला," मी म्हटलं.

"मार्लिस, त्याला थांबवणारी मी कोण? तुझं ऐकत नाही तो माझं ऐकेल? सकाळी बघून आले मी. मोटार काठावर लावलीय, साखळी मागच्या सीटवर. मी म्हटलं, ओर्लिन, काठाला पाणी सुटलंय. तर म्हणतो, काठाला दरवर्षी सुटतं, आत दोन हात बर्फ आहे, वीस मार्चपर्यंत कधी दगा दिलेला नाही."

"तुला मागच्या वर्षीचं माहीत होतं."

ती म्हणाली, "हो."

"आणि बटाटे सोलत होतीस."

"आत्ता ते काढू नकोस, मार्लिस. रडायला लागशील आणि फोनचं बिल वाढेल."

ओर्लिन, वीस मार्च. तळं काय कॅलेंडर बघून गोठतं? तुमच्या घराण्यात सगळ्यांना हाच रोग. तारीख धरून बसायचं आणि डोळ्यांसमोर पाणी साठलंय ते बघायचं नाही. तू चिडून जातोयस हे मला कळतंय. मी पिकअप नेली नसती तर कदाचित तूच गेला नसतास, काठावर उभा राहून शिव्या घातल्या असत्यास आणि घरी आला असतास. आता मला दाखवून द्यायला जाणार. मी तुला अडवायला गेले आणि ढकलून बसले.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मी ज्याला लिहितेय तो त्या दिवशी असेल की नाही, हे मला माहीत नाही, तरी लिहितेय. हात रिकामा राहिला की फोनकडे जातो, आणि तो नुसता वाजतो. मुलं पाण्यात आहेत. आज ऊन छान आहे. ज्या उन्हासाठी मी सोळा वर्षं भांडले ते पाठीवर पडतंय आणि मला ते जाणवत नाही.

मला तू हवा आहेस. हे मी वैतागून लिहितेय, पण लिहितेय. मिशीत बर्फ घेऊन घरात येणारा, जमिनीवर पाणी करणारा, एकही वाक्य पूर्ण न बोलणारा. मला तू जिवंत हवा आहेस.

मार्लिस


शनिवार, २१ मार्च
ओक्लाहोमाची हद्द, पेट्रोल पंपाजवळचं कॉफीचं दुकान

ओर्लिन,

काल फोनवर तू बोललास तेवढं लग्नानंतर एका दमात कधी बोलला नव्हतास. नॅडीनने फोन माझ्या हातात देऊन दार लावून घेतलं, आणि तू म्हणालास, "गाडी गेली, मार्लिस."

मी विचारलं, "तू गाडीत होतास?"

"नाही. कोणीच नव्हतं."

मग तू सगळं सांगितलंस. ते मी माझ्या हाताने एकदा लिहून बघते, कारण कालपासून ते माझ्या डोक्यात नुसतं गरगर फिरतंय. साखळी मोटारीला बांधलीस. चाक धरायला कोणी नव्हतं म्हणून पहिला गिअर टाकलास, पेट्रोलच्या पेडलवर लाकडाची ढलपी ठोकून ते दाबून ठेवलंस आणि स्वतः मागे पहार घेऊन उभा राहिलास. दारं उघडी, काचा खाली, सगळं तुझ्या नियमाप्रमाणे. साखळी ताणली, ओंडके सुटले, खोपी हलली. तू ओरडलास म्हणालास, आनंदाने. आणि मोटार पुढे सरकत गेली आणि नाकावर खाली गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. तिच्यामागून साखळी गेली, साखळीमागून खोपी गेली. तू पोटावर आडवा पडलास आणि कोपरांवर सरपटत काठापर्यंत आलास, आणि आर्डिस तिथे घोंगडी घेऊन उभी होती. म्हणजे ती गेली होती. तिला हे मी कधीतरी सांगेन, आत्ता नाही.

"पट्टा नसता, दार उघडं असतं, तरी कोणी बाहेर आलं नसतं," तू म्हणालास. "मी इतक्यांदा मोजलंय, मार्लिस. नसतं आलं." मग म्हणालास, "सीट रिकामी होती."

आणि तू रडलास. तुझ्या वडिलांच्या वेळी रडला नव्हतास. मला वाटायचं, असं कधी झालं तर मी म्हणेन, सांगितलं नव्हतं मी? पण तू आहेस, एवढंच ऐकू येत होतं. मी नॅडीनच्या टेबलावर डोकं टेकून बसून राहिले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी त्याच क्षणी गाडीत बसून तुझ्याकडे निघाले असते. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "कारीला सांगू नकोस."

बाहेर कारी उभी होती. मी म्हटलं, "बाबा ठीक आहेत. मोटार आणि खोपी बुडाली." ती आधी माझ्या गळ्यात पडली, बाप वाचला म्हणून. मग बाजूला झाली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी असते तर खोपी निघाली असती."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. टॉडच्या हातून निरोप पाठवते. "आईला सांग, मला भूक नाही." आत्ताही पिकअपमध्ये बसून आहे, काचेला डोकं टेकून. तिच्या लेखी मी आजोबांची खोपी बुडवली, बापाला जवळजवळ मारलं, आणि तिला त्याच्या मदतीपासून तोडलं. यातलं काही मी नाकारत नाही. पिकअप न्यायचा डाव माझाच होता. पण एका वाक्यात मी तिचं तोंड बंद करू शकते, हे तुलाही माहीत आहे. चाकापाशी कोण बसलं असतं ते तिला विचारायचं, बस्स.

मी ते विचारणार नाही. ते वाक्य तुझं आहे. मी बोलले तर ती म्हणेल, आई घाबरवतेय. तुझ्यावर तिचा विश्वास आहे, आणि पुढच्या मार्चला तू नवीन खोपी बांधलीस तर ती त्याच विश्वासाने पुन्हा चाक धरेल. मागच्या वर्षी तू तिला सांगितलंस, आईला सांगू नकोस. आता मला सांगतोस, कारीला सांगू नकोस. आपल्या घरात प्रत्येकाने कोणापासून तरी काही लपवायचं आणि टेबलाभोवती बसून मीठ मागायचं, हे मला जमणार नाही.

आम्ही उद्या पोचणार होतो. गुरुवारी पोचू. वाटेत आयोवात माझ्या बहिणीकडे थांबतेय, शाळेला कळवलंय. हे मुद्दाम करतेय. पत्र आमच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं, आणि तुला एक-दोन दिवस तरी विचार करायला मिळायला हवेत.

गुरुवारी दुपारी मी कारीला आपल्या फाटकाशी उतरवेन आणि टॉडला घेऊन आर्डिसकडे जाईन. तिच्याशीही मला बोलायचं आहेच. तू कारीला स्वयंपाकघरात बसव. तळ्यावर नको, खिडकीकडे पाठ करून बसव. तू जसं मला सांगितलंस तसंच तिला सांग, ढलपीपासून रिकाम्या सीटपर्यंत, आणि मग त्या सीटवर कोण बसणार होतं तेही सांग. रडू आलं तर रड. ती घाबरेल. घाबरू दे. मागच्या वर्षी खिडकीतून बाहेर आली तेव्हाच घाबरायला हवी होती, तू तिला शूर म्हणून गप्प केलंस.

मी फोन करणार नाही, डोकावणार नाही, आर्डिसला बघायला पाठवणार नाही. तुझ्या घरापासून आर्डिसच्या दारापर्यंत कारीला यायला फार वेळ लागत नाही. तिने स्वतः चालत येऊन मला "आई" म्हणून हाक मारली, की मी समजेन तू सांगितलंस, आणि घरी येईन. तोपर्यंत नाही.

मार्लिस